विकीवर आमचं गाव

२००८ साली मी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान केलं. पुंजाकाका आणि चंदरकाका हे गावातले सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून बारा वर्षं कोर्टात भांडत होते. दोघांनी आपापल्या शेतीची माहिती दिली, पुंजाकाकांनी नागलीची म्हणजे नाचणीची, चंदरकाकांनी भाताची. मी ती टाइप केली, मध्ये एकदा एंटर मारला आणि पान सेव्ह केलं.

मोठ्या कौतुकाने दोघांना शहरातल्या द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत बोलावलं. आमच्या हरसूलहून दोघं वेगवेगळ्या जीपने आले. पान उघडलं, तर दोघांची माहिती एकाच परिच्छेदात!

"आम्ही एका पंगतीला बसत नाय, अन तू माझी नागली याच्या भातात कालवली?" पुंजाकाका उखडले.

"काका, इथं एका एंटरने भागत नाही. मध्ये एक ओळ रिकामी सोडावी लागते," म्हणत मी ती सोडली. परिच्छेद वेगळे झाले. दोघं भाऊ स्क्रीनजवळ सरकले. मला वाटलं, मिटलं एकदाचं.



चंदरकाकांनी मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही जागा माझ्या हिश्श्यातून सोडली का त्याच्या?"