वापरात असलेलं मशीन

बायको गेली त्या सकाळी त्याने ऑफिसात फोन केला. "आज मी येत नाही," एवढंच म्हणाला.

कंपनीच्या मालकीणबाईंनी विचारलं, "बरं नाही का?"

"मला बरं आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. काय झालं ते ऑफिसला दुपारी कळलं, तेही मेहुण्याकडून.

पंधरवड्याने तो कामावर आला. टेबलावर काम साचलं होतं. ते त्याने उपसायला घेतलं.

कंपनी घरी असलेल्या रुग्णांना ऑक्सिजनची मशिनं भाड्याने देत असे. तो तिथला आकडेवारीचा प्रमुख. कोणत्या शब्दाचा अर्थ काय धरायचा आणि कोणाला काय दिसू द्यायचं, हे नियम त्यानेच घातलेले. रुग्णाचं नाव प्रमुखाशिवाय कोणाला दिसू नये, हा नियमही त्याचाच. हा माणूस 'थोडी साखर' म्हणजे किती ते ठरल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही, असं लोक चिडवायचे.

आता कंपनीला एआयचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. साध्या भाषेत प्रश्न टाईप करायचा, ते सगळी आकडेवारी चाळून उत्तर देणार. चाचणीला दोन आली होती. पहिलं फटाफट उत्तर द्यायचं, वर रंगीत आलेख काढून दाखवायचं. दुसरं आधी आपल्यालाच उलटे प्रश्न विचारायचं. ऑफिसने त्याचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. सगळ्यांना वाटलं, हा आत्याबाईलाच निवडणार, दोघांचा स्वभाव एक. पण त्याने पहिल्याची शिफारस केली. "दुसरं फार वेळ खातं," म्हणाला.

चाचणीच्या वेळी आत्याबाईने त्याला एक प्रश्न विचारला होता. उत्तर न देता त्याने लॅपटॉप मिटला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

सही करायच्या दिवशी मालकीणबाई त्याला आणि दुरुस्ती विभागाच्या प्रमुखाला बोलावून दोन्ही लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसल्या. "सही करीन, पण आधी मी स्वतः एक प्रश्न विचारणार. एक मुलगी रोज फोन करते. वडिलांसाठी मशीन हवंय. आपण रोज नाही म्हणतो. काल बिचारी रडायला लागली. खरंच आपल्याकडे एकही मशीन रिकामं नाही?"

पहिल्याने लगेच सांगून टाकलं. एकही रिकामं नाही, सगळी वापरात आहेत.

मालकीणबाईंनी तोच प्रश्न आत्याबाईला विचारला. थोडा वेळ गेला. मग अक्षरं उमटली. "'वापरात' या शब्दाचा अर्थ तुमच्या नियमांत ठरलेला नाही. मशीन सुरू असणं, की त्यातून कोणी श्वास घेत असणं? पहिला अर्थ धरला तर सगळी वापरात आहेत. दुसरा धरला तर एक मशीन वापरात नाही. त्याच्याकडून येणाऱ्या नोंदींप्रमाणे ते रोज रात्रभर सुरू असतं, पण त्यातून कोणी श्वास घेत नाही."

"हे काय आता?" मालकीणबाईंनी दुरुस्ती विभागाच्या प्रमुखाकडे पाहिलं.

"बाई, भाडं वेळेवर येतं, मशीन सुरू दिसतं. मग आम्ही कशाला कोणाचं दार वाजवू?" तो हसला. "पंखा समजून लावत असेल कोणी तरी."

मालकीणबाईंनी टाईप केलं, कोणाकडे आहे हे मशीन? उत्तर आलं, नाव पाहण्याचा अधिकार फक्त आकडेवारीच्या प्रमुखांना आहे.

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "घ्या, भाऊ. तुमचाच नियम. बघा आणि सांगा."

त्याने हात पुढे केला नाही. मशीन बिघडलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. सही झाली असती. पहिल्या सॉफ्टवेअरने पुन्हा कधी काही विचारलं नसतं. आणि ती मुलगी उद्याही फोन करत राहिली असती.

"बघायला नको," तो म्हणाला. "आमच्या घरी आहे. मेहुण्याच्या नावावर घेतलं होतं. पावतीवर माझं नाव दिसलं असतं तर तुम्ही भाडं माफ केलं असतं. ते नको होतं मला."

दुरुस्तीच्या प्रमुखाने मान खाली घातली. मालकीणबाईंनी लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला. मग हळूच म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. त्या मुलीसाठी बाहेरून कुठून तरी बघू."

"नको. उद्या माणूस पाठवा. आणि हे दुसरंच घ्या. वापरात म्हणजे त्यातून कोणी तरी श्वास घेतंय, असं नियमात लिहून टाका."

तसं लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन मशीन घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत ते त्या मुलीच्या वडिलांना लागलंही. मेहुण्याने खोली झाडून घेतली, औषधं उचलली, पलंग खिडकीकडे सरकवला.

तिच्या सगळ्या आजारपणात तो त्या मशीनच्या घरघरीत झोपला होता. वीज जाऊन घरघर थांबली की दचकून उठायचा आणि आधी तिच्या नाकाशी हात धरायचा. ती गेल्यावर घरघर कायमची थांबली, तेव्हा त्याला डोळा मिटता येईना. म्हणून तो रोज रात्री बटण दाबून पडत होता.

बाकीची कामं झाली. त्या आवाजाशिवाय झोपायचं तेवढं अजून राहिलंय.