पट्टी

ड्रमवाला खोलीत आला तेव्हा गायिका कॉम्प्युटरवर बँड चालवत होती. खेळातला बँड. गाणी बसवायची, कार्यक्रम मिळवायचे, कोणी रुसलं तर समजूत काढायची, आणि हे सगळं माउसने. तिच्या गळ्यावर कापसाची जाड पट्टी होती. बोलायला हळूहळू येईल, गाण्याचं मात्र विसरा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तोवर लिहायला शेजारी पाटी ठेवलेली.

"काय भोंग्या, खऱ्या बँडने छळलं ते कमी होतं का?" तो म्हणाला. ती हसली, पण आवाज आला नाही. त्याला गलबलून आलं. विचारायला आला होता ते घशातच अडकलं, आणि 'घशात अडकलं' असं मनात आल्याची त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खेळातल्या बँडमध्येही ती भोंगाच होती. तो खुर्ची ओढून बसतो न बसतो तोच पडद्यावर चौकट आली: गायिकेचा घसा बसला आहे. थांबायचं, की नवी गायिका घ्यायची?

"थांब की," तो घाईने म्हणाला. "खेळच तर आहे. थांबायला काय जातंय?"

तिने त्याच्याकडे बघितलं आणि 'नवी गायिका' दाबलं. खेळाने नाव विचारलं. तिने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. सुचव एखादं, असं भुवयांनीच सांगितलं.

त्याचे हात डोक्याच्या आधी चालायचे, ड्रमवालाच तो. त्याने टाइप केलं: शिट्टी.

आणि हात मागे घेतले. त्यांच्या बँडमध्ये टोपणनाव फुकट मिळत नसे. एखादा कार्यक्रम बरोबरीने निभावला, तरच. हा नियम भोंग्यानेच घातलेला.

"सांगणारच होतो गं," तो म्हणाला. "परवा एक छोटा कार्यक्रम एका नव्या मुलीला घेऊन केला. पुढचं तू हो म्हटलंस तरच. नाहीतर बँड बंद. आईशपथ."

ती त्या नावाकडे बघत राहिली. डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत. मग पाटी ओढून लिहिलं: पट्टी?

"दुखतेय का? सैल करू? आईंना हाक मारू?" तो उठलाच.

तिने कपाळावर हात मारला. खाली लिहिलं: तिची.

तो परत बसला. "तिचा सूर वरचा, काळी पाच. पण गाणी सगळी तुझ्या काळी दोनमध्ये बसलेली. त्यांना हात लावायला कोणी धजेना. तीच बिचारी ओढूनताणून खाली येते."

तिने पाटी पुसली. सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी टेबलावर उभी केली. त्याने वाचलं, मान हलवली आणि उठला. दारात आई चहा घेऊन येत होती, तिला 'येतो' एवढंही त्याला नीट म्हणता आलं नाही.

आईने पाटी वाचली: पट्टी बदला.

"अगं, सकाळीच तर बदलली," ती म्हणाली. "आणि आईला कधीपासून अहोजाहो?" तरी तिने चहा ठेवला, हात धुऊन आली, कापूस काढला.

गायिकेने हनुवटी वर केली आणि पट्टी बदलू दिली.