पाच रानम्हशी

"दिसल्या," प्रणित कुजबुजला आणि उर्वशीच्या हातात दुर्बीण कोंबून त्यानं कॅमेरा उचलला.

मचाणाच्या कोपऱ्यात पाय दुमडून बसलेल्या पोचूनं मान वर केली. खाली नदीच्या डोहात पाच म्हशी उतरल्या होत्या. अंग पाण्यात, डोकी तेवढी वर. पोचूनं एकदा पाहिलं आणि पुन्हा तंबाखू मळायला घेतला.

आज तिसरा दिवस. प्रणित चंद्रपूरच्या 'रानम्हैस मित्र' मंडळाचा अध्यक्ष आणि उर्वशी सचिव. दरवर्षी मे महिन्यात दोघं पदरमोड करून या अभयारण्यातल्या रानम्हशी मोजायला येत. गावातल्या स्वयंसेवकांचा म्होरक्या पोचू. मचाण त्यानं बांधलं होतं, पिण्याचं पाणी त्यानं वर चढवलं होतं आणि तीन दिवस त्या दोघांच्या गप्पाही त्यानंच ऐकल्या होत्या. पुढच्या महिन्यातला कार्यक्रम, पाहुणे कोण, मंडळाच्या टोपीचा रंग बदलायचा की नाही.

"पाच," प्रणितनं तक्त्यावर लिहिलं. "मागच्या वर्षी अकरा होत्या. पण निदान पाच तरी. त्या पुढच्या मादीचं शिंग तुटलंय बघ. झुंजीत तुटलं असणार."

"बैलबंडीच्या चाकात अडकून तुटलं," पोचू म्हणाला. "मीच हळद भरली होती."

प्रणितनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही.

"गावातल्या सुगंधाबाईच्या म्हशी होत त्या, साहेब. सकाळी तुमी चहा प्याले ना, तो यायच्याच दुधाचा."

उर्वशीला हसू आलं. ते तिनं दुर्बिणीमागं दडवलं. "प्रणित, शिंगं बघ ना. रानम्हशीची शिंगं दोन्ही हात पसरावेत एवढी असतात. ही तर मानेवर वळलीत."

"पाण्यात आहेत, नीट कळत नाही. पोचूभाऊ, इतक्या लांबून तुम्ही कसं ओळखलं?"

पोचूनं तळहातावरचा तंबाखू थापटला. ज्यानं रानम्हैस पाहिली आहे तो हे विचारणार नाही. सात वर्षांत या माणसानं ती फक्त फोटोतच पाहिली होती. मागच्या वर्षीच्या अकराही पोचूनंच मोजल्या होत्या. साहेबांना तेव्हा ऊन लागलं होतं.

त्यानं तंबाखू ओठाखाली धरला आणि म्हणाला,

"दिवाळीपासून मी रानम्हशीचा एक खूर नाई पाह्यला. शेण नाई, लोळण नाई. सुन्न लिवा, साहेब. सुन्न लिवलं तं वरून कोणी इचारन, म्हशी गेल्या कुठी म्हून. नदीपल्याड मानसं धाडन. पाच लिवले तं त्याइले कोणीच शोधणार नाई."

"शून्य?" प्रणितनं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि शाळेतल्या पोराला समजवावं तशा सुरात म्हणाला, "भाऊ, शून्य पाहून आपल्या कामात कोण येईल? लोकांना काहीतरी आशा दाखवावी लागते. तुम्ही जंगल सांभाळा, हे आमच्यावर सोडा."

तक्त्याच्या तळाशी तीन सह्यांच्या जागा होत्या. आपली सही करून त्यानं कागद उर्वशीकडे सरकवला. तिनं पेन हातात घेतलं, पोचूकडे पाहिलं, मग डोहाकडे पाहिलं आणि घाईघाईनं सही केली.

प्रणितचा राग पोचूला कधी आला नव्हता. दारावर भुंकून जाणाऱ्या कुत्र्याचा येत नाही, तसाच. पण या बाईला म्हशी ओळखता येत होत्या. तिच्याकडे पाहताना त्याच्या तोंडातला तंबाखू कडू झाला.

सात वर्षं त्यानं गावाशी भांडून गुरं या काठाला येऊ दिली नव्हती. गावच्या म्हशी रानातल्यांत मिसळल्या की वाण बिघडतो, असं या दोघांनीच सांगितलं होतं आणि त्यानं ते मनावर घेतलं होतं. लोकांनी शिव्या घातल्या. सुगंधाबाई तर दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. यंदा उन्हाळ्यात तिनं पुन्हा म्हशी इकडे सोडल्या आणि पोचूनं अडवलं नाही. अडवायचं कोणासाठी?

"भाऊ, सही," प्रणित म्हणाला.

पोचू उठला, कागद ओलांडून शिडीपाशी गेला आणि खाली उतरला. काठावर उभा राहून त्यानं गावात सगळे म्हशींना देतात तशी लांब हाक दिली. म्हशींनी माना वळवल्या. मग एकेक पाण्यातून निघाली आणि अंगावरचं पाणी निथळत त्याच्याकडे चालू लागली. तो मागं न पाहता मचाणाकडे निघाला. पाचही जणी त्याच्या मागून येऊन मचाणाच्या सावलीत उभ्या राहिल्या. एक मचाणाच्या खांबाला पाठ घासू लागली, तसं वरचं सगळं डुगडुगलं. उर्वशीनं फांदी धरली.

"आता जवळून पाहा," पोचू म्हणाला.

वरून कॅमेऱ्याचा आवाज आला, दोनदा, तीनदा.

"पोचूभाऊ," प्रणित म्हणाला, "जरा बाजूला व्हा. तुम्ही फोटोत येताय."

पोचूनं वर पाहिलं. मग पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथं वाळू होती आणि वाळूवर ऊन. त्यानं काठी उचलली आणि म्हशी गावाच्या वाटेला लावल्या.

"उतरा आता," जाता जाता तो म्हणाला. "पाहाले काई नाई राह्यलं इथी."