भिंतीवरचे फाँग आजोबा

“पुसून टाक! संध्याकाळच्या आत भिंत पांढरी हवी मला,” मेबल बेकरीच्या दारातूनच कडाडली. “माझा सासरा आत धडधाकट चहा ढोसतोय आणि तू त्याला भिंतीवर लटकवलंस?”

रोवेना शिडीवरून उतरली. मेबलनेच दिलेल्या या भिंतीवर तिने पडद्याआड महिनाभर राबून फाँग आजोबांचा दोन मजली चेहरा रंगवला होता. खाली ठळक चिनी अक्षरांत नाव: फाँग हॉन-यू. ओकलंडच्या या चायनाटाउनात जिकडे पाहावं तिकडे ड्रॅगन, नाहीतर पांडा. भिंतींवर माणूस औषधालाही नाही! तो असावा, एवढाच तिचा हट्ट होता.

पण पोरगी पडली अमेरिकेत जन्मलेली. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात चेहरा भारदस्त दिसतो, एवढंच तिला ठाऊक. असा चेहरा गेलेल्या माणसाचाच लावतात, हे तिला कोण सांगणार? काल पडदा उतरला आणि आज सकाळीच कुणीतरी भिंतीखाली, मयताला वाहतात ती पांढरी शेवंती ठेवून गेलं.

“गिऱ्हाइकं दबक्या आवाजात विचारतायत, कधी गेले म्हणून!”

“काकू, रंग भरते ना मी. दोन दिवस द्या.”

“आणि दोन दिवसांत खरंच गेले म्हणजे?”

तेवढ्यात आजोबा काठी टेकत बाहेर आले. नव्वदीचा म्हातारा. चेहऱ्याकडे त्यांनी ओझरतंच पाहिलं, नावापाशी मात्र थबकले. रोवेना शिडीला धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. हे नाही म्हणाले की संपलंच सगळं.

आजोबांनी टोपी काढली आणि कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला.

“अगंबाई! मेलेल्याला करतात तसा? तोही स्वतःलाच?” मेबल ओरडली.

“मला नाही गं. याला.” आजोबांनी काठी नावावर टेकवली. “खरा हॉन-यू चौदाव्या वर्षी तापाने गेला बिचारा. त्याचे अमेरिकेला यायचे कागद माझ्या बापाने मिळवले, म्हणून तर मला बोटीत चढू दिलं. पाऊणशे वर्षं त्याचं नाव लावून जगलो. त्याला साधं फूल कुणी वाहिलं नव्हतं.”

मेबलने मान वर करून दारावरची ‘फाँग बेकरी’ ही पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच.

आजोबांनी डोळे पुसले आणि रोवेनाकडे पाहून हसले.

“नाव राहू दे असंच काळं. चेहऱ्यात मात्र रंग भर, पोरी. आणि शेजारी माझं लिही, मॉक दाक-वा. तो अजून जिवंत आहे.”