पूजेचा मान

नाशिकच्या सीएनजी पंपांवर गॅसचा कॉम्प्रेसर रुसला की अहिरराव साहेबांनाच बोलावणं जायचं. या मशिनांत बावीस वर्षं काढलेला माणूस. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखतो, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

दसऱ्याला पंचवटीजवळच्या पंपावर मशीन थांबवून पूजा झाली. मान अर्थातच साहेबांचा. त्यांनी मशीनच्या पॅनेलवर दिसेल तिथे अंगठ्याने हळदकुंकू लावलं, मग वर झेंडूचा भलामोठा हार घातला. आरती झाली आणि मशीन काही सुरूच होईना.

रिक्षांची रांग चौकापर्यंत गेली. साहेबांनी ऑइल पाहिलं, व्हॉल्व्ह उघडले, वायरी तपासल्या. एवढ्या अनुभवी माणसाने साधंसुधं कारण शोधायचं म्हणजे लाजच. तीन तासांनी घामाघूम होऊन त्यांनी ऑफिसला फोन लावला, "मोठा बिघाड आहे. पुण्याहून पॅनेलचं इलेक्ट्रॉनिक कार्ड मागवा."

पंपावर झाडलोट करणाऱ्या नवसाबाई शेजारीच उभ्या होत्या. "साहेब, हाराच्या मागं ते लाल बटण हाय ना, तुमी कुंकू लावताना कच्चकन आत गेलं व्हतं."

साहेबांनी हार बाजूला केला. मशीन तातडीने बंद करायचं बटण कुंकवाने माखून आत रुतून बसलं होतं.

"अहो बाई, मग सकाळीच का नाही बोललात?"



"मला वाटलं, सणाचा दिस हाय, साहेबांनी मशीनला बी सुट्टी दिली."