पहाटेची पट्टी

यंत्र गंगेत फेकायचं, एवढं ठरवूनच ऋतुराज पहाटे पाचला गच्ची चढू लागला. इतक्या लवकर तो कधी उठत नसे. आजही उठला नव्हता, झोपलाच नव्हता.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्या गच्चीवर हवेतली धूळ मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. खाली खोलीत, त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच धुळीचा अंदाज सांगणारं मॉडेल. बनारसात आणखी बारा ठिकाणी अशा यंत्रांचं आणि मॉडेलचं सूत छान जुळलं. इथेच काय ते बिनसलं. रोज पहाटे पाच ते आठ मॉडेल म्हणे तीनशे, यंत्र म्हणे चाळीस. चाळीसची हवा बनारसात आणायची तर हिमालयाकडे उसनी मागावी लागेल.

तीन महिने त्याने मॉडेलला काय काय नाही चारलं. गंगेवरचा वारा घातला, दव घातलं, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांचा चढ घातला. गल्लीतल्या सांडाचे उसासे तेवढे राहिले. चाळीस काही येईना. यंत्र दोनदा तपासून आणलं, तर ते ठणठणीत. त्याच्या पीएचडीच्या गाईड मैत्रेयी मॅडमनी काल शेवटचं सुनावलं होतं, ज्या मॉडेलला एक गच्ची कळत नाही त्याला शहर काय कळणार, उद्या दुपारपर्यंत जुळव, नाहीतर नवीन विषय घे. जुन्या विषयात त्याची चार वर्षं गेली होती.

गच्चीवर घरमालकीण शरदिनीकाकू आधीच हजर. रेल्वेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. घाटावरून स्नान करून आलेल्या काकू यंत्राच्या तोंडाभोवती ओला पंचा चार पदरी गुंडाळत होत्या, अगदी हलक्या हाताने.

“काकू, हे काय?”

“बुखार उतरवतेय. पहाटे तीनशेवर जातो रे हा. पहिल्या दिवशी उठल्यावर कॉम्प्युटरवर तो आकडा बघून तू डोकं धरून बसलास, तेव्हापासून रोज पट्टी ठेवते. लगेच उतरतो. आठला वाळली की काढते.”

नऊला उठणाऱ्याला हे दिसणार कसं? ऋतुराजने झटक्यात पंचा सोडला. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा चढू लागला. शंभर. दोनशे. तीनशे दोन. मॉडेलने आजच्या पहाटेसाठी सांगितलं होतं तीनशे पाच. गडी असा नाचला की घाटावरची कबुतरं थेट गंगेपलीकडच्या रामनगरात जाऊन बसली, म्हणतात.

काकू मात्र आकड्याकडे बघत राहिल्या.

“म्हणजे हा बुखार यंत्राचा नव्हे? ही आपली हवा?”

“आपलीच, काकू. अगदी तंतोतंत.”

काकूंनी पंचा पुन्हा बादलीत बुडवला, पिळला आणि नाचणाऱ्या ऋतुराजला दंडाला धरून थांबवत त्याच्या नाकातोंडावर चार पदरी बांधला.