कंबरदुखीची रजा

खोटं बोलायला तुम्हीच शिकवता, चॅनेलवाल्या साहेबांनो!

"मनाचा आजार लपवू नका," हा संवाद तुमच्याच लेखिकेनं, सोरिमनं, मालिकेत लिहिला आणि तो ऐकून अख्खं सोल शहर ढसाढसा रडलं. पण चार महिने टेबलावरच किम्बापचे भाताचे रोल गिळत मालिकेचे भाग लिहिता लिहिता तिचीच झोप उडाली, तेव्हा तिनं रजेच्या अर्जात सरळ 'नैराश्य' लिहिलं.

विभागप्रमुख प्यो साहेबांनी तो शब्द खोडला. "अगं वेडाबाई, हे वाचून पुढची मालिका कोण देईल तुला? कंबरदुखी लिही. इथं सगळे तेच लिहितात."

सोरिमनं पेन घेतलं नाही.

"साहेब, गेल्या वर्षी दोन महिने तुमचीही कंबरच दुखत होती. खरंच कंबर होती का? बोला ना!"